शारजातले सायलेन्सरवाले

दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या भावाकडे शारजाला जाऊन आले. परतल्यावर शाळेतल्या बायकांनी विचारलं, दुबईत काय काय पाहिलंत? बुर्ज खलिफा मी गाडीच्या काचेतून पाहिला आणि सोन्याचा बाजार पाहिलाच नाही. माझे आठातले पाच दिवस शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, भाऊ काम करतो त्या गॅरेजात, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर गेले. त्या गॅरेजात महागड्या गाड्यांचे सायलेन्सर बदलून देतात, म्हणजे गाडीचा आवाज बदलून देतात.

मी तिथे का बसले, ते आधी सांगते. माझा मोठा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने अब्बांच्या जुन्या बुलेटचा सायलेन्सर काढून बाजारातला एक पोकळ नळकांड्यासारखा सायलेन्सर बसवला. रात्री क्रिकेट खेळून तो मोहल्ल्यात शिरला की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना कळायचं. शेजारच्या बडी अम्मांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे. त्या स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांची सून एकदा येऊन हळूच सांगून गेली. त्या रात्री घरात मोठा वाद झाला. मुलाचे अब्बा म्हणाले, शेजाऱ्याचा हक काय असतो ते तुला मदरशात शिकवलं नाही का? मुलगा म्हणाला, मामू शारजात हेच काम करतो, त्याच पैशातून नानीच्या घराचा स्लॅब पडला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आणि मग त्याने खरी गोष्ट बाहेर काढली. त्याला डिप्लोमा सोडून मामूकडे जायचं होतं.

मला उत्तर सुचलं नाही, कारण भाऊ नेमकं काय करतो हे मलाही ठाऊक नव्हतं. कोकणातल्या आमच्या घरांतून दोन पिढ्या आखातात गेल्या. ते तिथे काय करतात याला आपण एकच शब्द वापरतो, ‘नोकरी’. म्हटलं, या वेळी डोळ्यांनी पाहून येऊ.

दुबईहून शारजाला येणारा अल इत्तिहाद रोड संध्याकाळी मुंगीच्या चालीने चालतो. त्याच्या आतल्या बाजूला शारजाची इंडस्ट्रियल एरिया आहे. तिथले भाग आकड्यांनी ओळखले जातात. कुणी विचारलं कुठे राहता, तर उत्तर मिळतं, सहा नंबरला, दहा नंबरला. इथे काच नि संगमरवर नाही. पत्र्याच्या शेड, तेलाने काळी पडलेली वाळू आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची मैलभर पसरलेली दुकानं. एका दुकानात फक्त रेडिएटर, दुसऱ्यात फक्त दरवाजे, तिसऱ्यात मधोमध कापलेल्या गाड्यांचे पुढचे अर्धे भाग एकावर एक रचलेले. त्याला तिथे ‘हाफ कट’ म्हणतात. आफ्रिकेतले व्यापारी येऊन इंजिनं पारखतात आणि कंटेनर भरून नेतात. पठाण, बंगाली, मल्याळी, पंजाबी, फिलिपिनो सगळे एकमेकांशी उर्दूच बोलतात, आपापल्या परीने मोडकीतोडकी. उर्दू शाळेच्या बाईंना एवढी मोठी वर्गखोली कधी मिळाली नव्हती. मालकाला ‘अरबाब’ म्हणतात, आणि एखादी गोष्ट सोडून द्यायची असली की ‘खल्ली वल्ली’. हे दोन शब्द आले की अर्धा दिवस निभावतो.

भावाने सुरुवात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गॅस वेल्डिंगच्या हेल्परपासून केली. इथे तो फॅब्रिकेटर आहे. म्हणजे स्टेनलेस स्टीलचे पाईप कापून, वाकवून, जोडून गाडीच्या पोटाखालची संपूर्ण धूर-वाट नव्याने बनवतो. पहिल्या दिवशी त्याने मला उंच उचललेल्या एका गाडीखाली उभं केलं आणि पुढून मागे बोट फिरवलं. इंजिनातून निघणारे पाईप म्हणजे हेडर. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्यामागे रेझोनेटर, सगळ्यात शेवटी सायलेन्सर. “आपा, तुझ्या पेटीसारखंच आहे. हवा एकीकडून येते, वाट बदलली की सूर बदलतो.”

त्याची उपमा अगदीच चुकीची नव्हती. इंजिनात पेट्रोलचा प्रत्येक स्फोट झाला की धुराचा एक धक्का बाहेर पडतो. फुगा फोडल्यासारखा. सेकंदाला असे शे-दोनशे फुगे फुटले की आपल्या कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एक सूर ऐकू येतो. आठ सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला 4 स्फोट होतात. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50, म्हणून 200 धक्के, 200 हर्ट्झ. नववीच्या मुलांना मी हा धडा तबल्यावर आणि ट्यूनिंग फोर्कवर शिकवत आले, गाडीखाली उभं राहून कधी समजून घेतला नव्हता.

मग आठ सिलिंडरच्या दोन गाड्यांचा आवाज वेगळा का? मर्सिडीज एएमजी किंवा अमेरिकन मस्टँगच्या बहुतेक इंजिनांत क्रँकचे हात एकमेकांशी काटकोनात असतात. त्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांतले स्फोट सारख्या अंतराने येत नाहीत. कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये खंड. तोच तो गुरगुरणारा, अडखळणारा आवाज, ज्यावर लोक जीव टाकतात. फेरारीच्या आठ सिलिंडरी इंजिनात क्रँक सपाट असतो, दोन्ही बाजूंचे धक्के समान अंतराने येतात, म्हणून ती किंचाळते. दोन्ही बाजूंचे पाईप मध्येच इंग्रजी एक्सच्या आकारात जोडले, तर आवाज सरळ आणि चढा होतो. एचसारखी आडवी नळी दिली, तर तो जड राहतो. रेझोनेटर काढला की कर्कशपणा येतो. सायलेन्सरमधली भोकांची नळी आणि तिच्याभोवतीचं पॅकिंग काढून टाकलं, की फक्त गोंगाट उरतो. माझ्या मुलाने बुलेटला केलं होतं ते हे शेवटचं. भाऊ म्हणाला, “त्याला हुनर लागत नाही. ते कुणीही करतं.”

गाडी बनवणाऱ्या कंपन्याही यामागे किती धावतात, हे ऐकून मी थक्क झाले. लेक्सस कंपनीने एलएफए नावाची गाडी 2010 ते 2012 मध्ये फक्त 500 नग बनवली. तिच्या दहा सिलिंडरच्या इंजिनात आणि आवाज जुळवण्यात यामाहाची साथ होती. ही यामाहा 1887 मध्ये पायपेटीच्या जातीची वाद्यं बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी. उलट 2011 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम-5 मध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून वाजवायची सोय केली, कारण टर्बो बसवल्याने आणि केबिन बंदिस्त केल्याने खरा आवाज मालकापर्यंत पोहोचेना. आता तर डॉजने विजेवर चालणाऱ्या चार्जर गाडीलाही मुद्दाम आवाज काढणारी यंत्रणा दिली आहे. धूर नाही, सायलेन्सर नाही, तरी गुरगुर पाहिजेच. माणसाच्या मुलाला हौस असतेच, कंपनीलाही असते म्हणायची.

तिसऱ्या दिवशी एक पांढरी मर्सिडीज जी-63 आली. चौकोनी पेटीसारखी असते ती. तिचे धुराचे पाईप मागे नसतात, मागच्या चाकाच्या पुढे दोन्ही बाजूंना निघतात. मालक पंचविशीतला अमिराती मुलगा, पांढरा कंदुरा, हातात कॉफी, बऱ्यापैकी हिंदी बोलणारा. त्याने दुसऱ्या एका गॅरेजात कंपनीचे सायलेन्सर आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या झडपा काढून सरळ पाईप बसवून घेतले होते. आता दोन तक्रारी होत्या. एक, फज्रच्या नमाजाला निघताना गाडी सुरू केली की सगळी गल्ली उठते. दुसरी, हायवेवर एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत असा घुमा येतो की मागे बसलेल्या आईचं डोकं दुखतं. आईने सांगितलं होतं, ही गाडी असेल तर मी येणार नाही.

पहाटेचा गोंगाट का होतो ते भावाने समजावलं. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू झालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून गाडी स्वतःच मिनिटभर जास्त फेरे घेते. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. तो तापल्याशिवाय विषारी वायू साफ होत नाहीत. म्हणजे दिवसातला सर्वात मोठा आवाज नेमका मोहल्ला सर्वात शांत असताना होतो. कंपनीच्या झडपा अशा वेळी आवाज आवरतात, आणि त्याच काढून फेकल्या होत्या. पुष्कळ लोक तो कन्व्हर्टरही काढायला सांगतात, त्याने आवाज आणखी मोकळा होतो. भाऊ तेवढं एक काम करत नाही. “धूर सगळ्यांच्या फुप्फुसात जातो, आपा. त्याची मजुरी मला नको.” त्यामुळे काही गिऱ्हाइकं परत जातात. अरबाब कुरकुरतो, पण त्याचे हात पाहून ठेवून घेतो.

कायद्याचा धाकही आहे. तिथे गोंगाट करणाऱ्या गाडीला 2000 दिरहम दंड आहे, आपल्या हिशेबाने पंचेचाळीस हजारांच्या वर. शिवाय परवान्यावर 12 काळे गुण पडतात. असे 24 झाले की परवाना जातो. मर्यादा 95 डेसिबलची. आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा आवाजासाठी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना स्थगित होण्याची तरतूद आहे. पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पाहतोच. मुलाला मी ते दाखवलेही होते. त्याने फक्त कोणत्या कंपनीचे आहेत ते पाहिलं.

जी-63 चं काम दोन दिवस चाललं. नवे सायलेन्सर आले, झडपा परत आल्या. वेल्डिंग करताना भाऊ पाईपच्या आतूनही आर्गन वायू सोडतो, नाहीतर आतल्या बाजूला स्टील जळून साखरेसारखं खरबरीत होतं. बाहेरून ते कुणाला दिसत नाही. गिऱ्हाईक बघत नसताना तो हे करत होता. मी मात्र बघत होते.

घुमा घालवायचं काम मला सगळ्यात आवडलं. त्यासाठी मुख्य पाईपला एक आंधळी नळी जोडतात, दुसऱ्या टोकाला बंद. वाकवून बसवली की इंग्रजी जे दिसते म्हणून तिला जे-पाईप म्हणतात. ध्वनीची लाट त्या नळीत शिरते, बंद टोकाला आपटून परत येते आणि येईपर्यंत अर्धी लाट उशीर झालेला असतो. मुख्य पाईपातला चढ आणि परतलेला उतार समोरासमोर येतात आणि एकमेकांना खातात. आवाज आवाजानेच मरतो. नळीची लांबी तेवढी त्या लाटेच्या बरोबर पाव पाहिजे.

भाऊ आधी गाडी हायवेवर नेऊन आला. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पाहून म्हणाला, 1800 फेऱ्यांना घुमा आहे. मी रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. 1800 भागिले 60, 30. त्याला 4 ने गुणलं, 120 हर्ट्झ. गरम धुरात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जास्त असतो. तो सेकंदाला 500 मीटर धरला, तर लाटेची लांबी चार मीटरच्या थोडी वर आणि तिचा पाव एक मीटर चार सेंटिमीटर. भावाने पुठ्ठ्याकडे पाहिलंही नाही. त्याने पाईपवर 1 मीटर 10 ला खूण केली. म्हणाला, “कापता येतं, वाढवता येत नाही.” बसवून पाहिली, काढली, कापली, पुन्हा बसवली. शेवटी नळी राहिली 1 मीटर 5. आठवीनंतर शाळा सोडलेला माझा भाऊ आणि मी, दोघांच्या उत्तरात एका सेंटिमीटरचा फरक. तो दहा माणसांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून हसला. गावात त्याने असं कधी केलं नसतं.

तपासायला मालकाने आईलाच आणलं. मी आहे म्हणून त्या गॅरेजपर्यंत आल्या, असं भावाचं म्हणणं. आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. कुरआन वाचून आलेल्या अरबीने बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. सलाम झाला, खैरियत झाली, मग आम्ही हसून बाहेर पाहत राहिलो. शंभरच्या पुढे गेल्यावर पुढच्या सीटवरचे दोघेही गप्प झाले. मुलाने आरशातून आईकडे पाहिलं. त्यांनी जरा वेळ डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, “जैन.” छान. मग मुलाच्या पाठीवर हलकेच चापट मारली आणि माझ्याकडे पाहून काहीतरी लांबलचक बोलल्या. शब्द समजले नाहीत. पण मुलाबद्दलची तक्रार कुठल्याही जबानीत ओळखू येते. मीही मराठीत माझ्या बुलेटवाल्याचं गाऱ्हाणं सांगून टाकलं.

आता ती गोष्ट, जी मी तिथे पाहायला गेले नव्हते. पहिल्या संध्याकाळपासून मला जाणवत होतं की भाऊ चालताना मला नेहमी उजव्या बाजूला घेतो. अम्मीचा फोन आला की स्पीकरवर टाकतो आणि तरीही दोनदा ‘काय म्हणालीस’ विचारतो. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं बोलणं भाभी त्याला पुन्हा सांगते. भाभीनेच मला कपाटातला कागद दाखवला. गेल्या वर्षीची कानांची तपासणी. आलेखावरची रेघ 4000 हर्ट्झजवळ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती, डावीकडे जास्त. गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान असेच जातात. खालचे सूर शाबूत राहतात, वरचे जातात. म्हणून त्याला इंजिनाची गुरगुर नीट कळते आणि माणसाच्या बोलण्यातले स, श, फ निसटतात. अजान ऐकू येते, मुलीची कुजबुज येत नाही.

हे नुकसान सायलेन्सरने केलेलं नाही. ते ग्राइंडरने केलं. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सुरक्षिततेची हद्द मानतात. स्टीलवर फिरणारा ग्राइंडर शंभरच्या आसपास जातो. कुर्ल्यात आणि इथल्या आधीच्या गॅरेजात इतकी वर्षं कुणी कानाला काही लावलं नाही. जो लावायचा त्याला हसायचे. आता भाऊ पिवळे मफ लावतो आणि हाताखालच्या दोन पोरांनाही लावायला लावतो. गेलेलं परत येत नाही, हे त्याला डॉक्टरने सांगितलं आहे. अम्मीला सांगू नकोस म्हणाला. अम्मी हे मासिक वाचत नाही, चष्म्याशिवाय तिला दिसत नाही आणि चष्मा ती लावत नाही. पण कुणी वाचून दाखवलं तर माझी पंचाईत आहे.

निघायच्या आदल्या रात्री रोल्यातल्या एका कॅफेटेरियाबाहेर कडक चहा पीत मी त्याला सरळ विचारलं, पोराला पाठवू का? तो बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी उजवीकडून पुन्हा विचारणार, तेवढ्यात म्हणाला, “डिप्लोमा पुरा करून पाठव. मला जे लांबी कापून कापून सापडते ते त्याला कागदावर आलं पाहिजे. पहिले सहा महिने ग्राइंडर. मफ एकदा जरी काढलेला दिसला, तर मी त्याला पहिल्या विमानाने परत धाडीन.” मग थोडं थांबून, “आणि बुलेटचा जुना सायलेन्सर बसवायला सांग. मला तोंडघशी पाडू नको म्हणावं.”

सामानात त्याने मुलासाठी दोन वस्तू दिल्या. एक नवा पिवळा मफ, आणि त्या जे-पाईपचा कापलेला पाच सेंटिमीटरचा तुकडा. मुंबई विमानतळावर बॅग तपासणाऱ्याने तो हातात घेऊन दोन वेळा उलटसुलट केला.

घरी आल्यावर मी मुलाला सगळं सांगितलं, कानाचा कागद धरून. दोन वर्षं थांबायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, जेवलाही नाही. रात्री उशिरा पाहते तर वही घेऊन बसलेला. “मम्मी, बुलेटला जे-पाईप बसवला तर?” मी म्हटलं, हिशेब कर. त्याने केला. एक सिलिंडर, दोन फेऱ्यांना एक स्फोट. 3000 फेऱ्यांना सेकंदाला 25. वेग 500 धरला तर लाट 20 मीटर, तिचा पाव 5 मीटर. बुलेटच्या दुपटीहून लांब नळी. त्याने दोनदा तपासलं आणि मग त्यालाच हसू आलं. जुना सायलेन्सर लाकडांच्या खोलीत, पोत्याखाली होता. सकाळी तो पाना शोधत होता.